शिक्का नसलेला फॉर्म

नवघरचे आमचे फंड एजंट घरी आले तरी चहा घेत नाहीत. गिऱ्हाइकाकडचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. चष्मा कपाळावर सरकवून ते कुठल्याही फंडाच्या परताव्याआधी त्याचा खर्च वाचतात.

आमचे हे गेल्यावर आलेले पैसे गुंतवायचे होते. मी ईटीएफबद्दल, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडाबद्दल विचारलं.

"वहिनी, त्याला डीमॅट खातं लागतं, भाव बघून विकावं लागतं. तुम्हाला साधा इंडेक्स फंड बरा."

त्यांनी काढलेल्या फॉर्मवर त्यांचा एजंटचा शिक्का आधीच मारलेला होता. जरा वेळ ते त्याकडे बघत राहिले. मग तो फाडला आणि कोऱ्या फॉर्मवर शिक्क्याच्या जागी 'डायरेक्ट' लिहिलं.

"यात माझं कमिशन नाही, म्हणून तुमचा खर्च कमी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आता तुम्ही गिऱ्हाईक नाही. चहा टाका."