तांब्याभर इंग्रजी

किस्से कुणी ठरवून जमवत नसतं. रांजणाच्या तळाशी गाळ बसतो तसे ते बसत जातात, आणि पाणी संपलं की दिसायला लागतात! आमच्या गल्लीतलं पाणी संपलं त्या वर्षी मला हे सगळे दिसले.

वर्षही मोठं गमतीचं. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झालेला. "जिल्हा झाला, आता काय कमी हाय?" असं म्हणत लोक फिरायचे, आणि हातात रिकामी घागर! भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. शिपायापासून नर्सपर्यंत जागा निघणार म्हणून आवई उठली. पण प्रत्येक जागेपुढं अट एकच, मॅट्रिक पास. आणि आमच्याकडची पोरं मॅट्रिकला कुठं अडतात हे सांगायला ज्योतिषी नको. इंग्रजीत!

म्हणून माझ्या शेजारच्या सय्यद मास्तरांच्या ओट्यावर ही गर्दी. मास्तर रिटायर झालेले, इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. त्यांची नि आमची भिंत एक. मी सातवी शिकलेली, इंग्रजीत मला माझं नावही लिहिता येत नाही. पण ज्वारी निवडायला मी मुद्दाम त्याच भिंतीला पाठ लावून बसायचे. गल्ली म्हणते मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहे. असेल. पण मी डोकावले नसते तर हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं?

माझं सगळं ध्यान होतं महानंदाकडं. गल्लीच्या तोंडाशी बसवंतअप्पांचं किराणा दुकान, त्यांची ही थोरली. बाकी सगळे विषय सुटलेले, इंग्रजीत दोनदा नापास. पोरीला नर्स व्हायचं होतं. इकडं धर्माबादच्या मिरचीवाल्या व्यापाऱ्याकडचं स्थळ येऊन बसलेलं. अप्पांनी त्यांना कसंबसं थोपवून धरलं होतं. "ऑक्टोबरचा निकाल लागू द्या. पास झाली तर नर्सिंगला जाईल. न्हाई झाली, तर तुमचीच."

म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य एका पेपरावर, आणि तो पेपर मास्तरांच्या ओट्यावर!

*

मास्तर फी घ्यायचे नाहीत. नळ आठव्या दिवशी, तोही करंगळीएवढा. तेव्हा मास्तरांच्या बीबींनी नियम काढला की शिकवणीला येताना प्रत्येक पोरानं तांब्याभर पाणी आणायचं आणि दारातल्या पातेल्यात ओतायचं. पाटी-पुस्तक विसरलं तर चालेल!

आता पोरं ती. वाटेत निम्मं सांडायचं, निम्मं पिऊन टाकायचे. हजेरी पातेल्यात दिसायची.

एकदा मास्तर आत गेले तर बीबींनी चुलीपासून विचारलं, "आज कित्ते आए?"

"ग्यारा."

बीबींनी जरा हिशोब केला. "तो दाल पकती. चावल नै पकते."

मास्तर बाहेर आले आणि ओट्यावरच्या अकरा पोरांना म्हणाले, "बेटा, उद्या कोणी गैरहजर राहू नका. इंग्रजी लई महत्त्वाची हाय!"

*

मास्तरांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. इंग्रजी ते उर्दूतूनच शिकले. मराठीतून शिकवायला लागले की पहिली पाच मिनिटं बरं चालायचं, मग रंगात आले की गाडी जुन्या रुळावर. काळ शिकवताना "भूतकाळ, वर्तमानकाळ" म्हणता म्हणता एकदम "माज़ी, हाल, मुस्तकबिल!" पोरं तोंडाकडं बघत राहायची. इंग्रजी कळत नव्हती ती नव्हतीच, आता समजावून सांगायची भाषाही कळेना!

एक दिवस बसवंतअप्पा पोरीला न्यायला आले आणि दारात थबकले. त्यांच्याही लहानपणी शाळेत उर्दूच. कपाळाला भस्माचे पट्टे, हातात दुकानाची किल्ली, आणि मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवून राहिले. सगळ्या वर्गात समजलं ते एकट्या बापाला!

मास्तर खूश. "समजलं ना अप्पा? हाल म्हणजे आत्ता चाललंय ते. मुस्तकबिल म्हणजे पुढं होणार ते."

अप्पा म्हणाले, "हाल तर दिसूनच राहिला मास्तर. तुम्ही पोरीच्या मुस्तकबिलाचं बोला!"

मास्तरांनी त्या दिवशी अर्धा तास आधी शिकवणी सोडली.

*

महानंदा वाचायची काय सुरेख! पाण्याची रांग लावता लावता बायका गप्प होऊन ऐकायच्या. अशी घडाघडा इंग्रजी! मी तर मनातल्या मनात तिला पांढरा पोशाखही घातला होता. वाटायचं, ही पोरगी कशी नापास होते? बोर्डात कुणी डूख धरून बसलंय की काय?

मास्तरांनाही तेच कोडं. एक दिवस त्यांनी तिचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि आपलं कोरं पुस्तक तिच्यापुढं धरलं. "हाच धडा. वाच."

पोरीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, ते पुढं सरकेना.

"अगं, कालच वाचला की तू!"

पोरगी पुस्तकाकडं बघून राहिली. मास्तरांनी तिचं स्वतःचं पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीनं तिचा उच्चार मराठी अक्षरांत लिहिलेला. पोरगी तीन वर्षं मराठीच वाचत होती!

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी बाकीच्या पोरांकडं पाहिलं. "कोणाकोणाच्या पुस्तकावर असं लिहिलेलं हाय?"

सगळ्यांनी हात वर केले. एक धिटुकली पोरगी तर म्हणाली, "सर, माझ्यावर ताईनं लिहिलंय, ताईच्यावर तिच्या मैत्रिणीनं. सुवाच्य हाय, बघा की!"

त्या रात्री मास्तर खोडरबर घेऊन बसले. निम्मं पुस्तक खोडलं आणि थांबले. सकाळी मला म्हणाले, "भाभी, सगळं पुसलं तर तिच्याकडं राहतंय काय?"

*

मग मास्तरांनी ठरवलं, पाठांतर. परीक्षेला येतील असे निबंध, अर्ज नि वसतिगृहातून घरी लिहायची पत्रं तोंडपाठ करून घ्यायची. पहिला निबंध कुठला घ्यावा? 'पावसाळी दिवस'! गाइडात तोच पहिला होता.

वर्गातली सगळी पोरं सुरात म्हणायची. आभाळ काळं झालं, ढग गडगडले, रस्त्यावरून पाणी वाहू लागलं, आम्ही रेनकोट घालून शाळेत गेलो. गल्लीत कुणाच्या सात पिढ्यांत रेनकोट नव्हता. आणि आभाळ कसं? तव्यासारखं.

मास्तर एकेका ओळीचा अर्थ सांगत होते. थोरल्या भावाबरोबर येऊन बसणारा पाचवीतला एक पोरगा हात वर करून उभा राहिला. "सर, पाऊस शेवटी थांबतो का ह्या निबंधात?"

"हो, थांबतो. ऊन पडतं आणि पोरं घरी येतात."

"मग ते शेवटचं नका घेऊ सर. इंग्रजीत तरी पडू द्या की!"

*

मास्तरांचा धाकटा भाऊ अरबस्तानात ड्रायव्हर होता. तो सुट्टीवर आला तेव्हा मास्तरांनी त्याला ओट्यावर बसवलं, म्हटलं पोरांना जरा हुरूप येईल. "सांग यांना, तिकडं इंग्रजी किती लागते ते!"

त्यानं सांगितलं ते भलतंच. म्हणाला, "आमच्या मालकाचं पोर पण इंग्रजी शिकतं. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, मास्तर येतो घरी. पोर रडतं, पुस्तक फेकतं. एकदा तर पानच चावून खाल्लं! बाजूच्या बंगल्यातला ड्रायव्हर कोरियाचा. तो बोलतो, त्याच्या देशात पण पोरं अशीच रडतात."

पोरांचे डोळे मोठे झाले. म्हणजे जगभर हाच ताप आहे! मला तर भिंतीपलीकडं हायसं वाटलं.

महानंदा कधी बोलत नसे, तिनं विचारलं, "मग तो पोरगा नापास झाला तर?"

"त्याला काय फरक पडतो? बापाची तेलाची विहीर हाय!"

महानंदा वही मिटत म्हणाली, "आमच्या विहिरीत तर पाणीबी न्हाई, काका."

*

आता अर्जाचं सांगते. यात माझाही हात आहे, लपवत नाही.

टँकर आमच्या गल्लीपर्यंत यायचाच नाही. मी बायकांना म्हटलं, कलेक्टर आता आपल्या गावातच बसतो, अर्ज करू. कुणीतरी म्हणालं, साहेब मद्रासकडचे आहेत, मराठी कच्ची आहे, अर्ज इंग्रजीत पाहिजे. मास्तर नेमके नातलगाच्या लग्नाला नांदेडला गेलेले. मग काय, महानंदा होतीच!

पोरगी 'नको' म्हणत होती. मीच म्हटलं, "अगं, अर्ज तर तुला पाठ आहे. कितीदा म्हणतेस!" एका बैठकीत तिनं सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. बत्तीस बायकांनी खाली सह्या-अंगठे केले आणि आम्ही थाटात कचेरीत देऊन आलो. पोच घेतली!

चार दिवसांनी मास्तर आले. मी कौतुकानं नक्कल पुढं केली. वाचता वाचता ते खालीच बसले.

"भाभी, हिला एकच अर्ज येतो. आजारपणाच्या रजेचा."

पोरीनं 'रजा' काढून तिथं 'पाणी' घातलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. 'मला कालपासून ताप येत आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. तरी कृपा करून दोन दिवसांचे पाणी मंजूर करावे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.' आणि त्याखाली आम्ही बत्तीस विद्यार्थिनी, त्यातल्या एकोणीस अंगठेबहाद्दर! माझ्या सासूबाई तर पंच्याहत्तरीच्या.

महानंदा आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मी समजूत काढायला गेले, "अगं, असले अर्ज कोण वाचतंय!"

पण कुणीतरी वाचला. एक दिवस गल्लीत जीप आली. आम्ही घागरी घेऊन धावलो. जीपमधून उतरले हिवतापाचे लोक! "बत्तीस बायांना ताप हाय म्हणून कळालं." सगळ्यांची बोटं टोचून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मग फवारणीचा पंप काढला, पावडर काढली, आणि त्यांच्यातला मुकादम माझ्याकडं वळून म्हणाला,

"मावशी, औषध कालवायला दोन घागरी पाणी द्या!"

*

ऑक्टोबरचा पेपर झाला. पोरीनं पाठ केलेलं निम्मं आलं, निम्मं आलं नाही. निकाल लागला तर दोन मार्कांनी गेली. फक्त दोन! अप्पा त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकाला साखर मागितली तर मीठ देत होते.

आठवड्यात धर्माबादची मंडळी आली. मी चहा करायच्या निमित्तानं तिथंच. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी किती शिकली?"

अप्पांनी मान खाली घातली. "मॅट्रिक... इंग्रजी सोडून."

मुलाचा चुलता मोठ्यानं हसला. "अहो, मिरची तोलायला इंग्रजी कशाला? आमचा पोरगाबी मॅट्रिकच हाय, इंग्रजी सोडून!"

सगळी बैठक हसली. अप्पा हसले, मीही हसले, खोटं कशाला बोलू. महानंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांचे कप संपेपर्यंत वाट पाहिली, रिकामे कप गोळा केले आणि आत गेली.

*

आणि हा शेवटचा.

लग्न होऊन दोन-तीन महिने झाले असतील. पोस्टमननं मास्तरांच्या नावचं एक पत्र माझ्याकडं दिलं, कारण मास्तर नमाजाला गेलेले आणि मी ओट्यावर असतेच. धर्माबादचा शिक्का. पोरीचं अक्षर मी ओळखलं. उलटंसुलटं करून पाहिलं, पण आत सगळी इंग्रजी! मास्तर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

मास्तरांनी उभ्या उभ्याच वाचलं. "काय लिहितीये?" मी विचारलं.

त्यांनी मराठीत सांगितलं. "मी इथं सुखरूप आहे, तुम्हीही सुखरूप असाल अशी आशा करते. माझा अभ्यास उत्तम चालला आहे. आमचे शिक्षक फार चांगले शिकवतात. परीक्षा जवळ आली आहे, म्हणून मी रोज पहाटे उठते. घरी सर्वांना माझा नमस्कार सांगा."

"कसला अभ्यास, मास्तर? अप्पा तर म्हणाले, पहाटेपासून मिरच्या निवडायला बसवतात तिला!"

मास्तर ओट्यावर टेकले, खिशातून लाल पेन काढलं आणि एकेका शब्दाखालून ते पेन फिरवत गेले. शेवटपर्यंत गेले, परत वर आले. कुठंच पेन टेकलं नाही. मग पत्राच्या कोपऱ्यात एक गोल काढला आणि त्यात दहापैकी नऊ मार्क लिहिले.

मला राहवलं नाही. "एक कशाचा कापला?"

"तारीख नै टाकली, भाभी," मास्तर म्हणाले.