झिपरीचे उपवास

नऊ वर्षांपूर्वी, वडवणीजवळच्या माहेरच्या शेतात, ओढ्याकाठी मला तरसाचं पिल्लू दिसलं. आईनं टाकलं असेल असं समजून मी ते ओढणीत गुंडाळलं आणि जवळच्या छोट्या प्राणिसंग्रहालयात नेऊन दिलं. मानेवरच्या केसांवरून नाव ठेवलं, झिपरी. गेल्या महिन्यात भाऊ म्हणाला, तिथलं अनुदान आटलंय. राहवेना. एका बुधवारी रजा टाकून सोलापूरहून निघाले.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. मांजरसुंब्याला पिठलं-भाकरी खाल्ली, बीडला गाडी बदलली. वडवणीपुढचा रस्ता उखडलाय. रिक्षावाल्याशी येण्याजाण्याचं आधीच ठरवा. आत जायला वीस रुपये.

मोरांचा पिंजरा रिकामा होता. चितळं आणि नीलगायी एकाच कुंपणात, मध्ये जुन्या पत्र्यांचा आडोसा. कूलर बंद पडलेले, म्हणून गजांवर ओली गोणपाटं टाकलेली. चौघांचं काम आता एकटे मारुतीमामा करतात. झिपरीला बाटलीनं दूध पाजून त्यांनीच वाढवलं.

तिच्या पिंजऱ्यावर खडूनं लिहिलं होतं : आज उपवास.

"तरसाला कसली एकादशी हो, मामा?" बघायला आलेल्या एकानं विचारलं.

"तुमचा डबा द्या आत, आत्ता सोडतो तिचा उपास."

तो हसत पुढे गेला.

मांस खाणाऱ्या प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. "पयले सोमवारच होता, ताई," मामा म्हणाले. "आता बुधवार, शनिवारबी. मटन परवडत न्हाई, कोंबडीची मुंडकी आणतो."

बाहेरचं मोकळं अंगणही तिच्याकडून गेलं होतं. कुंपण तुटलं, दुरुस्ती झाली नाही, म्हणून ती दिवसरात्र आतल्या खोलीतच. चार पावलं चालायची, भिंतीला नाक लावायची, वळायची.

"सोडून नाही देता येणार?"

"माणसाच्या वासानं जवळ येती ती. पयल्याच गावात काठ्या खाईल." मामा गोणपाटावर पाणी मारत म्हणाले, "तवा तितंच ठिवलं असतं ना, ताई, तर रातच्याला आई घिऊन गेली असती. पिलं ठिवून पोटामागं जात्यात त्या."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी या ब्लॉगवर लिहिलं होतं : जायचं तर मंगळवारी किंवा शुक्रवारी जा. त्या दिवशी चार वाजता खाणं टाकतात, तेव्हा ती दाराशी येऊन उभी राहते, नीट दिसते.

रविवारी मामांचा फोन आला. "काल उपास होता, आज मुंडकी टाकली. उठलीच न्हाई."

"आजारी आहे का?"

"डाक्टर बगून गेले. काईच न्हाई म्हनले. तिनं वाट बगायचं सोडलंय, ताई."

वारांचं ते वाक्य मी खोडलं. आता कुठल्याही दिवशी जा. झिपरी भिंतीकडे तोंड करून पडलेली असेल.