न उचललेला फोन

सुरुवातीलाच कबूल करतो — त्या शनिवारी मी बायकोची थायरॉइडची गोळी खाल्ली. माझी बीपीची आणि तिची, दोघांच्या गोळ्या मिठाईच्या एकाच रिकाम्या डब्यात असतात. आठवडाभर कोलशेत ते मानपाडा ऑफिसला बसने ये-जा करून शनिवारी माणसाचं जे होतं ते माझं झालेलं. चष्मा शोधायचासुद्धा कंटाळा... हात घातला, गिळली. मग चष्मा सापडला.

भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधीच मानले नाहीत. सोसायटीत कोणी असे किस्से सुरू केले की मला जांभई येते. तरीही हे लिहितोय, कारण दोन महिने डोक्यातून जात नाहीये आणि आता विचार करूनही दमलोय.

बायको, अनघा, कोपरीला तिच्या आईकडे गेलेली. तिला कळायच्या आत प्रकरण मिटवावं म्हणून मी मुलीला इंटरनेटच्या ॲपवरून फोन लावला. मुक्ता बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या तीन मैत्रिणींबरोबर ती सहा आठवडे टांझानियातल्या एका छोट्या हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून गेलेली. औषधं काढायची, लेबल लिहायचं, आणि तिथल्या फार्मासिस्टने तपासून सही केली की मगच खिडकीतून द्यायचं — असं काम.

आपल्याकडे साडेअकरा वाजलेले, तिच्याकडे नऊ. चार-पाच रिंग झाल्या.

"हं बाबा, बोल." मागे पंख्याची घरघर, एक लहान मूल रडत होतं.

"अगं, घोळ झाला. आईची गोळी घेतली मी. नाव वाचलंच नाही गं... डबा तोच, म्हणून घेतली."

 मागे मूल रडतच होतं.

"थांब बाबा," ती म्हणाली. "थांब हं." आणि फोन कट.

मला रागच आला. बाप इकडे गोळी खाऊन बसलाय आणि ही म्हणते थांब! परत दोनदा लावला, उचलला नाही. शेवटी खालच्या केमिस्टला विचारलं. तो म्हणाला, "काका, एका गोळीने काही होत नाही. तुमची मात्र आठवणीने घ्या."

संध्याकाळी मुक्ताचाच फोन आला. आवाज पार बसलेला.

"बाबा, आज माझ्या हातून..."  मग हळूहळू सांगितलं. आठ महिन्यांच्या बाळाचं आकडीचं औषध. फार्मासिस्ट वॉर्डात गेलेला, रांग दारापर्यंत, आणि त्या बाईची गावाकडची गाडी सुटत होती. मुक्ताने सहीची वाट न बघता बाटली देऊन टाकली.

"नऊच्या सुमारास पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली, आणि कानात तुझा आवाज आला. अगदी जवळून. 'नाव वाचलंच नाही गं, डबा तोच, म्हणून घेतली.' मी वळून खोकं वाचलं, बाबा. नवीन माल होता. खोकं तेच, बाटली तीच... पण औषध दुप्पट स्ट्रेंथचं. मी धावत गेटबाहेर गेले. ती गाडीत चढून बसली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती एक चमचा पाजणार होती..."

"मिळाली ना बाटली?"

"मिळाली. बदलून दिली. सगळं सांगितलं मी फार्मासिस्ट सरांना. खूप बोलले. बोलू देत."

"बरं झालं मी तेव्हाच फोन केला," मी जरा भाव खात म्हणालो.

"कधी?"

"अगं सकाळी! बोललीस की माझ्याशी. थांब म्हणालीस."

"बाबा, फार्मसीत फोन नेऊ देत नाहीत. माझा सकाळपासून लॉकरमध्ये होता. आत्ता काढला. तुझे तीन मिस्ड कॉल आहेत."

मी फोन उघडून बघितलं. तीन कॉल. तिन्ही — नो आन्सर.

वरच्या मजल्यावरचा आयटीवाला शेजारी म्हणाला, "काका, ॲप कधीकधी गंडतं." गंडत असेल. पण मग ते वाक्य तिला कोणी सांगितलं? मी तर तोपर्यंत केमिस्टशिवाय कोणाजवळ बोललो नव्हतो, आणि त्यालाही डब्याचं काही सांगितलं नव्हतं. आणि तिचं ते "थांब हं" मी या कानांनी ऐकलंय.  

अनघा घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं, गोळीसकट. फोनमधला कॉल लॉग दाखवला, शेजाऱ्याचं म्हणणं सांगितलं, नऊ आणि साडेअकराचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती. मग खुर्चीत बसली.

"अहो, एवढी चौकशी केलीत," ती म्हणाली, "त्या बाळाची आकडी थांबली का, ते विचारलंत?"