पुलावरचा हत्ती

आमच्या धनगरवाड्यावरून मार्गासनीला उतरताना ओढ्यावर दोन कमानींचा जुना दगडी पूल लागतो. तो कुणी बांधला, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कठड्यावर एक हत्ती कोरलेला, दोन दगडांत मिळून एक. शेळ्या घेऊन जाताना बा त्याच्या सोंडेला हात लावून कपाळाला लावायचा.

गावातल्या एका पुढाऱ्यानं फार्महाऊस बांधलं आणि फाटकाच्या कमानीसाठी कठड्याचे दगड टेम्पोत घालून नेले. हत्तीचं तोंड गेलं, पाठ तेवढी राहिली. त्याच पावसाळ्यात धुक्यात बा उघड्या कडेवरून ओढ्यात पडला. कंबर मोडली. भोरच्या दवाखान्यातून आणला तो खाटेवरच राहिला, खाटेवरच गेला.

पुढारी बघायला आला नाही. वर चारचौघांत म्हणाला, "म्हातारा पिऊन असंल." बानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. मी तक्रार केली, पण त्याच्या विरोधात बोलायला कुणी पुढं येईना. ते वाक्य मात्र मी विसरले नाही.

गेल्या वर्षी जुन्या पुलांचा इतिहास लिहिणाऱ्या एक बाई आल्या, सोबत एक सरकारी साहेब. पूल शिवकाळाच्याही आधीचा असावा, असं बाई म्हणाल्या. मग हत्तीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "याचं तोंड कुठंय?"

"दावते की," मी म्हणाले. "पर आज न्हाई. रविवारी या."

रविवारी पुढाऱ्याच्या लेकीचा साखरपुडा होता. मांडवात व्याही, पाहुणे, तालुक्याची माणसं. मी दोघांना थेट फाटकाशी नेलं. साहेबांनी मोबाईलवरचा पाठीचा फोटो कमानीतल्या तोंडाशेजारी धरला. रेघ न् रेघ जुळली. तोवर पुढारी मांडवातून फाटकाशी आला.

"पुलाचे दगड तुम्ही काढलेत?" साहेबांनी विचारलं.

पुढारी व्याह्यांकडं बघत म्हणाला, "पडले व्हते, म्हून आणले."

"पडला त्यो माजा बा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आन् त्यो प्यालेला नव्हता."

व्याही पानावरून उठले. मला गोड वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढं चौकशी लागली, फाटक उतरलं. कठडा परत बसवत होते तेव्हा पुढारी हात जोडून माझ्याकडं आला. "ताई, झालं ते झालं. इसरा आता."

"न्हाई इसरायची," म्हणाले, आणि शेळ्या हाकत पूल ओलांडला.