वायरलेसवाले सुभेदार

समोरचा काय बोलतोय यापेक्षा तो कुठून बोलतोय, याकडे सुभेदारांचं जास्त लक्ष असे. फौजेच्या सिग्नल्समधून निवृत्त होऊन ते फलटणकडच्या आमच्या साखर कारखान्यात वायरलेस ऑपरेटर म्हणून आले, तेव्हा मी तिथे कारकून होतो. नव्वदीची सुरुवात होती. साहेबांच्या कमरेला नुकतेच हँडसेट आले होते, त्यामुळे जागेवरून न हलता सगळीकडे हजर राहण्याची त्यांची उत्तम सोय झाली होती.

सुभेदारांनी पहिल्याच महिन्यात हँडसेट घेऊन कारखान्याची एकूण एक खोली पालथी घातली. ते प्रत्येक खोलीतून बोलत आणि ऑफिसातल्या सेटवरचा काटा कुठवर चढला, ते मी वहीत लिहून घेई. "भिती आन लोखंड सिग्नल खात्यात, भाऊसाहेब," ते सांगत. "दर खोलीचा काटा येगळा."

एका दुपारी इंजिनिअरसाहेब वायरलेसवर म्हणाले, "मी बॉयलरवर आहे."

"न्हाई सायेब," सुभेदार अदबीने म्हणाले. "बॉयलरवर काटा दोनावर असतोय, आता सातावर हाय. तुमी गेस्ट हाऊसच्या मागल्या खोलीत हायसा."

हे सगळ्या हँडसेटवर ऐकू गेलं. संध्याकाळच्या आत, सेट सदोष असल्याची लेखी तक्रार सहा अधिकाऱ्यांनी केली.

ऐन हंगामात एका सकाळी केमिस्ट शिंदे सापडेनात. हाका मारल्या, उत्तर नाही. मग सेटवर नुसती खरखर आली. कुणीतरी बटण दाबत होतं, बोलत मात्र नव्हतं. सुभेदारांनी काटा कुठवर चढला ते पाहिलं आणि वही उघडली. बोट फिरवत एका ओळीवर थांबले आणि ओरडले, "तीन नंबर गोदाम, मागली भित! पळा!"

साखरेच्या पोत्यांची थप्पी शिंद्यांवर कोसळली होती. पाय मोडला होता, पण जीव वाचला.

संचालक मंडळाने सुभेदारांना शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या आणि त्याच बैठकीत नवा सेट मंजूर केला. त्याला काटाच नव्हता. 'प्रशासकीय कारणास्तव' सुभेदारांची बदली ऊसगाड्यांच्या फाटकावर झाली. ऑर्डर मीच टाइप केली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "तुमाला तर सगळं ठावं हुतं, भाऊसाहेब," एवढंच म्हणाले आणि तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला.

मेढ्याला गावी जायला निघाले तेव्हा शिंदे कुबड्या टेकत त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेले. मी त्या वेळी इंजिनिअरसाहेबांच्या केबिनमध्ये नव्या सेटचे पेढे खात होतो.