ग्लेनिसने वाचलेले आकडे

रॉस डॅनहरच्या जिभेला हाड नव्हतं. ऑस्ट्रेलियात विन्टनपासून बूलियापर्यंत केबल टाकणाऱ्या आमच्या कॅम्पात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो बायकोला बोलायचा तेव्हा कर्णा लावून बोलायचा.

पुरलेली फायबर केबल तपासणं हा दोघांचा धंदा. रॉस कॅम्पाच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून केसाएवढ्या काचेच्या तारांत एकेक करून प्रकाश सोडायचा. ग्लेनिस ऐंशी किलोमीटरवर, दुसऱ्या टोकाच्या पत्र्याच्या खोपटात, वाटेत किती प्रकाश गळला ते मीटरवर वाचून सांगायची. आकडा लहान तेवढी तार चांगली. बोलणं एका मोकळ्या तारेवरून चालायचं, आणि माझ्या स्वयंपाकघरात जेवायला बसलेली मंडळी ते ऐकून दात काढायची.

ही लाईन पास झाली की देखभालीचं काम कायमचं रॉसला मिळणार होतं. त्या भरवशावर त्याने ग्लेनिसच्या आईचं माउंट आयझातलं घर विकून यंत्रं घेतली होती. ग्लेनिसला विचारलं नव्हतं.

तपासणी अर्ध्यावर असताना एका सकाळी त्याचा प्रकाश सोडायचा डबा बंद पडला. त्याने दुसरा जोडला. डबा बदलला की मीटर त्याच्याशेजारी आणून पुन्हा शून्यावर लावावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप लटकं; नवा डबा जास्त प्रखर असला तर गळती आहे त्याहून कमी दिसते. पण मीटर पडला ऐंशी किलोमीटरवर. रॉस म्हणाला, चालतंय.

थोड्या वेळाने कर्ण्यातून ग्लेनिस म्हणाली, "रॉस, कालचीच तार आज जास्त चांगली दिसतेय. डबा बदललास का?"

"ऐका रे, इंजिनियरबाई बोलल्या." रॉस उघड्या दारातून आमच्याकडे वळला. "अगं, तुला डोकं चालवायला नाही बसवलेलं तिथे. दिसेल तो आकडा वाच. एवढं जमेल ना?"

"जमेल."

"मग वाच. बाकी तोंड बंद."

हशा पिकला. ग्लेनिस दिवस मावळेपर्यंत वाचत राहिली, हळू आणि स्पष्ट. एकही तार नापास झाली नाही. रॉसने सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात केबलच्या मालकांची माणसं आपली यंत्रं घेऊन आली. तिसरा हिस्सा तारा नापास निघाल्या. त्यांच्या साहेबाने आमच्यादेखत रॉसला गाडी भरायला सांगितलं. या मुलखात आता त्याला कोणी काम देणार नव्हतं. मला वाईट वाटलं का? नाही.

ग्लेनिस माझ्या टेबलाशी चहात बिस्किट बुडवत बसली होती. रॉस तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुला कळलं होतं," तो हळूच म्हणाला.

"पहिल्याच तारेला."

"मग परत एकदा बोलायचंस ना. आपलं घर गेलं, ग्लेनिस."

"माझ्या आईचं," ती म्हणाली. मग खुर्ची वळवून साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली, "मंडळी, विचारा याला. मी एक तरी आकडा चुकीचा वाचला का?"

"सांग की रे रॉस," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळे थांबले होते. तीही बिस्किट हातात धरून थांबली होती.

"नाही," रॉस म्हणाला, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यात जास्त हसलो.