भिंतीले पटून नाही राहिलं

आमच्या इतिहास विभागात दोन गोष्टी साचतात, कबुतरांची पिसं आणि किस्से. पिसं आमचा शिपाई गणपत झाडून टाकतो. किस्से तसेच राहतात. त्यातून विद्यापीठाने ही दगडी इमारत रिकामी करून आम्हाला नव्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये हलवायचं ठरवल्यापासून तर दुसरा विषयच नाही. आमचे हेड खानझोडे सर इथेच शिकले, इथेच शिकवायला लागले. ‘इथूनच रिटायर होणार’ एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात धरलेला.

मी जॉइन झाले त्या दिवशी व्हेंटिलेटरची दोरी ओढली, तर झरोक्यातून धुळीसकट एक कबूतर माझ्या डोक्यावर! मी किंचाळले. सर शांतपणे म्हणाले, “घाबरू नका. ते तुम्हाला सीनियर आहे.”

उन्हाळ्यात गणपत खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून पाणी मारतो. हातभर जाड भिंती, त्यात तो गारवा. एप्रिलमध्ये वर्ग गच्च. सर खूश झाले आणि मागच्या बाकावरच्या अनोळखी मुलाला विचारलं, इतिहासाची गोडी कधीपासून? “सर, मी कॉमर्सचा. घाम वाळला की जातो.”

मग इंजिनियर साहेब आले. ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी ठोकायची होती. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडून माझ्या पायाशी पडला, मी टेबलामागे. गणपत म्हणाला, “साहेब, भिंतीले पटून नाही राहिलं.” शेवटी पाटी सुतळीने कठड्याला बांधली.

पाटी लागल्यापासून मी दाराशी उभी राहून शिकवायचे. एकदा वर काहीतरी फडफडलं आणि मी बाहेर धावले. माझ्यामागे अख्खा वर्ग! समोरून आमच्या सीनियर मेश्राम मॅडम येत होत्या. “काहून पळून राहिली वं? सरकारी इमारत आहे. पडायलेही वरून मंजुरी लागते.”

शेवटचा निर्णय समितीच्या बैठकीत व्हायचा होता, नव्या ब्लॉकमध्ये. सरांनी भाषण तयार केलं. रोज दुपारी आमच्या रिकाम्या हॉलमध्ये म्हणून पाहायचे. बैठकीला मॅडमना आणि मलाही सोबत नेलं.

सर उभे राहिले. खणखणीत आवाजात म्हणाले, “ही इमारत जुनी झाली आहे, हे मला मान्य आहे.”

आणि थांबले.

आम्ही सगळेच थांबतो. आमच्या हॉलमध्ये वाक्य बोललं की छताला जाऊन परत येतं. ते विरल्याशिवाय दुसरं बोलायचं नाही, नाहीतर मागच्यांना नुसती गुणगुण ऐकू येते. पण नव्या खोलीत वाक्य परत येतच नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, “हेडनाच मान्य आहे, मग प्रश्नच मिटला.” फाइल बंद झाली, चहा आला. मॅडम उठून काहीतरी म्हणाल्या, पण तोवर कपबशा वाजायला लागल्या होत्या.

आम्ही परतलो. हॉलमध्ये गणपत वाट पाहत होता. त्याने विचारलं, काय झालं?

सरांनी वर कमानीकडे पाहिलं.

“गणपत, पुढचं वाक्य लय चांगलं होतं गा.”